काहीच न शिजवणारा आरएनए

"आचाऱ्याकडं काय पाहून राह्यला बे, जावयाकडं पाह्य," असं म्हणत फळ्यावर खडू आपटायचा, ही आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांची रीत. धुरळा एवढा उडे की चिखलीच्या स्टँडवरून एसट्या भरदुपारी दिवे लावून निघत. शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवायचो. माझी सगळी राजघराणी पांढरीफटक होत.

सरांचं म्हणणं सोपं होतं. लग्नात आचारी रांधतो ते दिसतं. थोरला जावई भाजीला हात लावत नाही, पण कोणती चूल पेटवायची, कोणती विझवायची, हे त्याच्याच इशाऱ्यावर. पेशीतही काही आरएनए प्रथिनांची कृती पोचवतात. पुष्कळसे काहीच शिजवत नाहीत, नुसता हुकूम सोडतात. शहाण्यांनी त्यांना आधी कचरा समजून सोडून दिलं होतं.

मग सरांनाच आतड्याचा कॅन्सर निघाला. सर टाळत होते. त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, हट्टानं ऑपरेशन करवून घेतलं. औषधं लागू पडली, सर पुन्हा वर्गात गरजू लागले. पुढं कॅन्सर यकृतात पसरला आणि तीच औषधं चालेनाशी झाली.

वडनेर भोलजीहून सरांची थोरली बहीण आली. भरल्या अंगणात म्हणाली, "म्या म्हनलं होतं, आंगाले सुरीचं लोखंड लावू नका. लोखंड लागलं का पसरते."

वहिनींनी मान खाली घातली. त्यांचं जेवण सुटलं ते तिथून.

सरांना हे कळलं. भिंतीला धरून अंगणात आले. आवाज आता उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हता.

"ताई, लोखंडानं नाई. जावयानं."

अंगणातले सगळे जावई सावरून बसले.

"त्या पेशीतले काही आरएनए असेच असतेत. पेशीले गाव सोडाले लावतेत, औषध आलं का बाहेर फेकाले शिकवतेत. एकट्या त्याहीचंच काम नसन. पन हिचा हात नाई त्यात. हिनं नेलं म्हनून एवढा तरी राह्यलो."

ताई म्हणाली, "मंग त्याले औषध नाई?"

"शोधून राह्यले लोक. मले उशीर झाला."

सर गेले. भेटायला आलेल्या जानेफळच्या एका पाहुण्यानं पुन्हा लोखंडाचा विषय काढला. ताईनं त्याला मध्येच तोडलं, "कोनाच्या हातानं नाई पसरला तो. माह्या भावानं सांगतलं."

मग तिनं ताट वाढलं, वहिनींसमोर ठेवलं, आणि पहिला घास जाईपर्यंत तिथंच बसून राहिली.