उशीवरचे पैसे

कुसाबाईला हंस जमत नव्हता. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्या हॉटेलात खोली आवरून झाली की पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवायची पद्धत होती. शिकवायला आलेल्या मुलीने तो सगळ्या बायकांना तीन-तीनदा करून दाखवला. बाकीच्यांचे हंस ऐटीत बसले, कुसाबाईच्या हंसाने मात्र बसल्या जागी मान टाकली. दोन आठवडे तिने नेट लावला आणि मग सरळ टॉवेलचा मोदक करायला घेतला. खाली पाकळ्या, वर शेंडा, झालं काम. पाहुणे मोदकाचे फोटो काढू लागले, तेव्हा मॅनेजर अमितनेही हंसाचा हट्ट सोडला.

बाई अशीच होती. शिकवलेलं जमलं नाही तर रडत बसायची नाही, आपलं काहीतरी काढायची. वय बावन्न. माहेर घोटीकडचं, भाताच्या खाचरातलं. सासर मखमलाबादचं, भाजीपाल्याचं. नवरा केरू मेथी-पालक पिकवायचा आणि कुसाबाई बाजारात बसून विकायची. पुढे सून शुभांगी हाताशी आली. एका टोपलीमागे दोन बायका बसल्या की गिऱ्हाइकं कमी आणि कुरबुरी जास्त, हे ओळखून कुसाबाई आपणहून उठली आणि हॉटेलात खोल्या आवरायला लागली. शुभांगीने वरवर "कशाला आत्याबाई" म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी डबा तिनेच भरून दिला.

हॉटेलात सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. पक्की म्हणजे महिन्याला चार सुट्ट्या, पीएफ आणि गळ्यात स्वतःच्या फोटोचं कार्ड. त्या फोटोसाठी ती नवं जरीकाठी लुगडं नेसून स्टुडिओत जाऊनही आली होती. पक्क्यांची यादी शनिवारी लागायची होती. एकही तक्रार नको, एवढी एकच अट होती.

आणि तक्रार यायला काय लागतं? खोलीत पाहुणा राहत असेल तर त्याच्या पैशाअडक्याला हात लावायचा नाही, हा नियम तिने पहिल्याच दिवशी पदराला गाठ मारून ठेवला होता. त्यात अमितची एक खोड होती. पलंगाखाली झाडतात की नाही ते बघायला तो रिकाम्या खोलीत पलंगाच्या पायाशी दहाची नोट टाकून ठेवायचा. कुसाबाई ती आणून त्याच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "साहेब, तुमची दहाची आज परत पडली." नोट दर वेळी तीच असायची, हेही ती सांगायला विसरायची नाही.

तर त्या आठवड्यात २०४ नंबरात पुण्याचं एक जोडपं उतरलं, योगिनी आणि रविराज. त्र्यंबक करायचं, द्राक्षाच्या बागा बघायच्या, पाच रात्री राहायचं. सकाळी नऊला बाहेर पडायचे ते दिवे लागल्यावरच परत यायचे. कुसाबाईने त्यांना पाहिलंच नव्हतं. तिला माहीत होते ते त्यांचे टॉवेल आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे.

मंगळवारी तिने चादर बदलायला घेतली तर उशीवर पन्नासची नोट. झोपेत त्या पुण्याच्या साहेबांच्या खिशातून पडली असणार, असं म्हणून तिने अभ्रा बदलला आणि नोट टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली, पंख्याने उडू नये म्हणून.

बुधवारी उशीवर ती पन्नासची होतीच, वर शंभरची आणखी एक. कुसाबाईला नवल वाटलं. खिशाला भोक असलं तरी माणूस रोज उशीवरच कसा सांडेल? तिने दोन्ही नोटा ग्लासाखाली सारल्या. गुरुवारी दोनशेची भर पडली आणि सोबत एक कागद, त्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं. कुसाबाईला मराठी अक्षरं लावून वाचता यायची, इंग्रजी नाही. बाजारात पैशाबरोबरचा कागद म्हणजे हिशेबाची चिठ्ठी. तिने चिठ्ठीची घडी घालून नोटांवर ठेवली, ज्याचा हिशेब त्याला लागावा म्हणून.

शुक्रवारी पाचशेची नोट आली तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. उद्या यादी, आणि आज पाचशेची नोट उशीच्या मधोमध. हे काम दुसऱ्या कुणाचं? दहाच्या नोटेने भागेना म्हणून अमित आता मोठा गळ टाकत होता, यात तिला शंका उरली नाही. सहा महिने दहाची परत केली तरी यांचं समाधान नाही, अजून हात बघतातच. तिने नोटा ओळीने मांडल्या, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे, वर ग्लास ठेवला आणि शेजारी टॉवेलचा एक मोदक ठेवला. येऊन बघू दे नीट, म्हणाली आणि ढकलगाडी घेऊन पुढच्या खोलीकडे गेली.

इकडे योगिनीची झोप उडायची वेळ आली होती. हॉटेलात कुणाला किती बक्षिसी द्यावी, हे तिने निघण्यापूर्वी फोनवर वाचलं होतं. सामान उचलणाऱ्याला हातात द्या, खोली आवरणाऱ्यांसाठी रोज सकाळी उशीवर ठेवा, सोबत आभाराच्या दोन ओळी लिहा. त्यासाठी तिने बँकेतून सुट्ट्या नोटा आणल्या होत्या. पण २०४ ची बाई काही पैसे घेईना. रोज परत करते, तेही ग्लासाखाली नीट ठेवून. कमी वाटले असतील म्हणून योगिनी आकडा वाढवत गेली, आणि शुक्रवारी लवकर परत येऊन बघते तर नोटांची रांग आणि मोदक. तिने रिसेप्शनला फोन करून हळूच विचारलं, "आमच्या खोलीच्या मावशी आमच्यावर रागावल्यात का?"

रिसेप्शनवरच्या मुलाने वहीत लिहिलं, "२०४, खोली आवरणाऱ्या बाईबद्दल तक्रार."

दहा मिनिटांत कुसाबाई अमितच्या केबिनमध्ये उभी होती. अमित बत्तीस वर्षांचा, कामाला कडक, मनाने वाईट नाही. वहीवर बोट ठेवून तो म्हणाला, "मावशी, यादीच्या आदल्या दिवशी तक्रार? काय झालं?"

"तेच मी इचारते. पाचशेची नोट कुणी ठेवली?"

"कसली पाचशेची?"

"चार दिस चाललंय साहेब. पन्नास, शंभर, दोनशे, आज पाचशे. मी एकीला बी हात लावला नाय, फक्त सरकवल्या. तुमची दहाची परत केली तेवढी पुरे नाय झाली का?"

अमितला उलगडा व्हायला क्षणभर लागला, आणि झाला तेव्हा तो हसायला लागला. "अहो मावशी, ती टिप आहे. पाहुण्यांनी तुम्हाला ठेवलेले पैसे. घ्यायचे असतात ते."

कुसाबाई हसली नाही. "आसं मला कुणी सांगितलं?"

"उशीवर ठेवले म्हणजे समजायचं."

"समजले होते एकदा." तिने पदर नीट केला. "एका बिल्डिंगीत भांड्याला जायची मी. बाई दिवाळीचे पैसे ओट्यावर ठिवायच्या, बोलायच्या नायत. दोन वर्सं घेतले. तिसऱ्या वर्सी घेतले ते गॅसवाल्याचे निघाले. जिन्यात उभं राहून बाईंनी मला चोर म्हणलं. शेजारच्यांची दारं उघडली. पैसे मी तिथंच परत केले, पण नंतर ती माणसं बाजारात भाजी घ्यायला आली ना, की तराजूकडं नाय, माझ्या हाताकडं बघायची. लय दिस बघायची."

अमितचं हसू मावळलं. पलंगाच्या पायाशी आपण काय टाकत होतो, ते त्याला त्या घडीला नीट दिसलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो उठला आणि म्हणाला, "चला, वर जाऊ."

२०४ चं दार योगिनीने उघडलं. आत टेबलावर नोटा तशाच ओळीत होत्या. अमितने झाला प्रकार सांगितला, तशी ती कानकोंडी झाली. "मावशी, आम्हाला वाटलं तुम्हाला कमी वाटले. मी तर उद्या हजार ठेवणार होते."

"मग उद्याच बोलले आसते," कुसाबाई म्हणाली, आणि रविराज पलंगावर बसून खो खो हसला.

योगिनीने फोन पुढे केला. "इथे असंच लिहिलंय हो. रोज उशीवर ठेवायचे."

"ज्यानं लिवलं त्यानं कधी खोली आवरली नसंल. ताई, पैसे नको आसं नाय, पैसे कुणाला नको? पण उशीवर आसतंय ते सापडलेलं. सापडलेल्यावर कुणी बी उद्या इचारतं, कुठून आणलं. हातात दिलं की ते दिलेलं. मंग कुणाच्या बापाची छाती नाय इचारायची." तिने उजवा हात पुढे केला. "द्या. साहेबांदेखत द्या."

योगिनीने ग्लास उचलला, सगळ्या नोटा एकत्र केल्या आणि त्या रापलेल्या तळहातावर ठेवल्या. "मावशी, तुम्ही खोली फार छान ठेवली. हे आम्ही तुम्हाला आनंदाने दिले."

"साहेब, ऐकलं ना?"

"ऐकलं," अमित म्हणाला.

कुसाबाईने नोटा कपाळाला लावल्या. एवढ्या वर्षांत पैसे पुष्कळदा मिळाले होते, पण कुणी असं चारचौघांत "दिले" म्हणालं नव्हतं. तिने पटकन टॉवेलकडे मोर्चा वळवला आणि ओले आहेत, बदलून आणते, म्हणत खोलीबाहेर पडली.

व्हरांड्यात अमित तिच्या मागोमाग आला. "मावशी, तक्रार मी खोडतो. उद्या सकाळी बोर्डावर यादी लावतोय. तुमचं नाव आहे."

कुसाबाई थांबली. ओले टॉवेल तिने एका हातावर घेतले आणि म्हणाली, "बोर्डावर लावा, नायतर नका लावू. माझा कागद मला हातात द्या."

शनिवारी सकाळी आठ वाजता, सगळ्या बायका हजेरीला उभ्या असताना, अमितने सही-शिक्क्याचा कागद कुसाबाईच्या हातात ठेवला. ठेवला आणि तसाच उभा राहिला. कुसाबाईही हात मागे घेईना. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिला."