मातेऱ्याची टोपली

मंडळी, माझ्या हनुवटीवर घोर संकट आलं आहे. तीन आठवडे दाढी झालेली नाही!

आज सकाळी तणतणत गणपा न्हाव्याच्या घरी गेलो. "काहून रे, गाव इसरला काय?"

त्यानं ओसरीवरच्या टोपल्या दाखवल्या. वर्षभराच्या हजामतीपोटी घरोघरून मिळालेली ज्वारी, निम्मी माती अन् निम्मा कोंडा. बाकीचे चांगली देतीलच, असं प्रत्येकानं धरलेलं.

"हे तुमची, दादा. कोंबडीले टाकली, तिनंबी मान फिरवली. उद्या बिऱ्हाड घेऊन मानोऱ्याले चाललो."

किळस आली. गावाची, अन् दाढीमागच्या तोंडाचीही.

टोपली भरताना तुमचा हात नाही अडखळला, मंडळी?

दुपारी पेरणीसाठी राखलेली ज्वारी पायलीभर त्याच्या दारात ठेवली, अन् दाढी न करताच परतलो.