खातंय नव्हे, खातोय

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा नाही, आणि पनवेलमध्ये हेसुद्धा मी भीड म्हणून सांगतो. ते सकाळी फिरायला निघाले की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा काही केलेलं नसताना अपराधी चेहरा करून बाजूला होतात. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरेबुवांनी माझी पत्रिका पाहिली, चार प्रश्न विचारले आणि मला पसंत करून टाकलं. यांनी मात्र माझ्या ऑफिससमोरच्या चहावाल्याला गाठून मी चहा एकटा पितो की कुणाबरोबर, आणि ते बरोबरचं माणूस कोण, याची बारीक चौकशी केली. लग्न होऊन मुलंबाळं झाली तरी तो चहावाला मला पाहून डोळा मारायचा. तळोज्याच्या एका कारखान्याच्या गेटवर साडूंची सगळी नोकरी गेली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी आणि डबा उघडून बघायचा, हे काम. तिथून ते रिटायर झाले असं कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्यांनी फक्त गेट बदललं. पूर्वी ते कारखान्याचं होतं, आता सगळ्या जगाचं आहे, एवढाच काय तो फरक.

कलिंगड घेताना लोक त्यावर टिचकी मारून बघतात. हे कलिंगड विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात. त्यांच्या मुलाच्या लग्नात त्यांनी भर मांडवात गुरुजींना थांबवून ‘मधली पानं गाळलीत तुम्ही’ असं ठणकावलं होतं. गुरुजी इतके हडबडले की त्यांनी खरोखरच दोन पानं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. याचा अर्थ पानं गाळलीच होती, असं साडू आजही सांगतात. एकदा त्यांना बँकेतून फोन आला. आला तो खरोखर बँकेतूनच होता, कारण त्यांचं कसलंसं कार्ड तयार झालं होतं. पण साडू कुठले ऐकायला! त्यांनी त्या बिचाऱ्या मुलीलाच म्हटलं, ‘आधी तुम्ही मला ओटीपी सांगा.’ मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्याकडे ओटीपी नसतो.’ हे म्हणाले, ‘सापडलात!’ आणि फोन ठेवून दिला.

आता खरं सांगायचं तर अलीकडे त्यांच्या वस्तू फारच चोरीला जायला लागल्या होत्या. देवळात जाताना ते एक चप्पल एका दाराशी आणि दुसरी दुसऱ्या दाराशी काढत, म्हणजे चोराला जोडी मिळू नये. परत येताना दुसरी चप्पल सापडेना झाली, तेव्हा एकेक चप्पल उचलणाऱ्यांची टोळी निघाल्याचं त्यांनी मला फोन करून कळवलं. चष्मा चोरीला जाई आणि उशीखाली निघे. रस्तेही त्यांच्याविरुद्ध कट करू लागले होते. मध्यंतरी एका बुधवारी ते उरण नाक्यावर मासळी आणायला म्हणून सकाळी गाडी घेऊन गेले आणि दिवेलागणीला हात हलवत परत आले. म्हणाले, नव्या पुलापाशी रस्ता बंद केला, तळोज्याकडे वळवलं, तिथून पुन्हा भलतीकडेच काढलं. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या पनवेलात विमानतळ आल्यापासून काल होता तो रस्ता आज नसतो. मीही दोन शिव्या हासडून त्यांना दुजोरा दिला.

तर अशा या माणसाची गाडी मरायला लागली. गाडी तशी म्हातारी, पांढरी, पण आतून-बाहेरून नव्या नवरीसारखी ठेवलेली. ती आज चालवावी, नीट लावावी, चावी खिशात टाकावी आणि चार-पाच दिवसांनी जाऊन बघावं तर बॅटरी ठार. हॉर्नसुद्धा कण्हायचा. ढकलून चालू केली की पुन्हा दोन दिवस शहाण्यासारखी वागायची. बॅटरी नवी आणली, तिचंही तेच. पुण्याच्या मुलानं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, ‘बाबा, आता पुरे झालं. आणखी एकदा बंद पडली तर मी स्वतः येऊन ती विकून टाकीन.’ हे ऐकून साडूंचा चेहरा पडला. गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटर जमत नाही आणि रिक्षावाल्यांशी त्यांचं जमत नाही. गाडी गेली की ते घरात बसणार, आणि घरात बसणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचे गेटवरचे जोडीदार एकेक करून असेच आधी घरात बसले होते. ‘गाडी गेली की मी गेलो, साडूभाऊ,’ ते मला म्हणाले, आणि लगेच सावरून पुढे म्हणाले, ‘पण मुलाचा यात काय फायदा आहे, तेही शोधायला हवं.’

मग तपास सुरू झाला. पहिला संशय वॉचमनवर. तो आपल्या गाडीत बसून मोबाइल चार्ज करतो असं त्यांचं म्हणणं पडलं. वॉचमनचा मोबाइल इतका जुना निघाला की त्याचं चार्जिंग आठवडाभर पुरतं हे त्यानं स्वतः अभिमानानं दाखवलं. मग गाड्या पुसणारा. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, कारण त्यांनी नुकतीच विजेवरची स्कूटर घेतली होती आणि ती साडूंच्या गाडीशेजारी उभी असे. ‘इतकी जवळ का?’ साडू विचारायचे. ‘अहो, तिची जागाच तिथे आहे,’ मी म्हणायचो. ‘तेच तर! ती जागा कुणी ठरवली?’ आता याला काय बोलणार, कप्पाळ!

पुराव्याशिवाय माणूस हलत नाही म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. बॉनेटच्या फटीवर रांगोळीची बारीक रेघ ओढायची. कुणी बॉनेट उघडलं तर रेघ मोडणारच. पण गाडीही पांढरी आणि रांगोळीही पांढरी, त्यामुळे रेघ त्यांची त्यांनाच दिसेना. मग त्यांनी तिच्यात हळद मिसळली. तरी उठाव येईना, म्हणून वर कुंकू. सकाळी झाडायला येणाऱ्या आजींनी ते पाहिलं, केरसुणी जागेवर टाकली आणि ‘मी या बाजूला पाय ठेवायची नाय’ असं जाहीर केलं. चहा होईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ‘पार्किंगमध्ये करणी’ अशी बातमी पोचली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या स्कूटरवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली, आणि कुणातरी कनवाळू जिवानं साडूंच्या गाडीला लिंबू-मिरची बांधली. साडूंनी ते लिंबू उन्हात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि मला हळूच म्हणाले, ‘हे बांधणारा माणूस मिळाला की सगळं उलगडेल बघा.’ ताई, म्हणजे त्यांची बायको, गॅलरीतून ओरडल्या, ‘अहो, माझी रांगोळी संपवलीत ना सगळी!’ पण एरवी त्या या प्रकरणात गप्पच असत, आणि त्या गप्प आहेत हे एवढ्या मोठ्या तपासनिसाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मीच गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारा एक माणूस बोलावला. बोलका होता, आणि तापटही. साडूंनी कामाआधी त्याची हत्यारांची पिशवी उघडायला लावली तेव्हा तो म्हणाला, ‘सायेब, मी चोर पकडाया आलोय का चोर म्हनून आलोय, त्ये आदी सांगा.’ मी त्याला कसाबसा शांत केला. त्यानं गाडी बंद केली, दारं लावली, बॅटरीची एक तार सोडून मध्ये मीटर लावला आणि आकडा बघून मान हलवली. ‘बॅटरी चांगली हाय. गाडी बंद हाय तरी कायतरी करंट खातंय.’

‘खातंय नव्हे, खातोय म्हणा,’ साडू म्हणाले. ‘करंट आपोआप खाल्ला जात नाही. खाणारा कोणीतरी असतो.’

‘आवो, मशीन हाय ती. मानूस नाय त्यात.’

‘मशीनच्या मागे माणूस असतोच.’

इलेक्ट्रिशियननं माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. मग तो एकेक फ्यूज काढत गेला. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर चोर बसलाय, असं त्याचं गणित. रेडिओचा काढला, आकडा तसाच. ‘रेडिओ निर्दोष,’ साडू म्हणाले. हॉर्नचा काढला, आतल्या दिव्याचा काढला, काचांचा काढला. प्रत्येक वेळी साडू वाकून मीटर बघायचे आणि निकाल द्यायचे. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा जाग्यावर. इलेक्ट्रिशियननं डोकं खाजवलं आणि बॅटरीपासून निघणारी प्रत्येक तार बोटानं चाचपत निघाला. त्यातली एक बारीक तार बाकीच्यांत दडून आत शिरली होती. तो स्टीअरिंगखाली आडवा झाला, आणि थोड्या वेळानं त्यानं आतून एक काळी डबी ओढून काढली. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

‘मागे सरका!’ साडू गरजले. ‘सगळे मागे! बाँब आहे!’ त्यांनी दोन्ही हात पसरून मला आणि वॉचमनला भिंतीपर्यंत रेटलं. करणीतून नुकत्या सावरलेल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी धाडकन खिडकी लावून घेतली.

इलेक्ट्रिशियन डबी हातात घेऊन तसाच आडवा. ‘बाँब कसला सायेब! जीपीएस हाय ह्यो. कळंबोलीला सगल्या टरकांना लावतात. गाडी कुठं फिरते त्ये मालकाला मोबाइलवर दिसतं. डायरेक बॅटरीवरून जोडलाय, म्हनून फ्यूज काडून काय उपेग नाय.’

साडूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आज हातात आलं होतं. ‘पाळत!’ ते म्हणाले. ‘माझ्यावर पाळत! सांगत नव्हतो मी? बोला आता!’ आणि पुढच्या क्षणी त्यांना कळंबोली आठवली, आणि कळंबोलीवरून ट्रकचा धंदा करणारा आमचा धाकटा मेहुणा. त्यांनी फोन काढला. ‘त्यालाच लावतो. मेहुणा म्हणून घरात घेतला मी त्याला!’

‘त्याला कशाला फोन?’ मागून ताई म्हणाल्या. त्या चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या होत्या. ‘मीच सांगितलं त्याला लावायला.’

इलेक्ट्रिशियन तोंडातल्या तोंडात ‘खातेय’ असं म्हणाला. कुणी हसलं नाही.

‘तू? माझ्यावर संशय?’

‘संशय नाही हो,’ ताई म्हणाल्या. मी पुढे होऊन त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि बाजूच्या कट्ट्यावर ठेवला. ‘त्या बुधवारी तुम्ही फोन घरी विसरून गेलात. दिवसभर मी गॅलरीत उभी होते. जेवले नाही. कुणाला काही सांगितलं नाही, कारण मुलाला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी गाडी विकायला लावली असती. मला तुमची गाडी जायला नको होती. पण मला पुन्हा तसं उभंही राहायचं नव्हतं.’

आता हे फुटणार म्हणून मी वाट बघत राहिलो. इलेक्ट्रिशियननं डबीची तार सोडली, मीटरचा आकडा धप्पकन खाली आला, आणि चोर सापडल्याचा आनंद तेवढ्या जागेत एकट्या त्यालाच झाला. ताई पार्किंगच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. फुटायच्या ऐवजी साडूंनी मला बाहीला धरून गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं.

‘साडूभाऊ, त्या यंत्रात मागचंही दिसतं का हो?’

‘मागचं म्हणजे?’

‘त्या बुधवारचं.’

‘नाही. ते तर त्या दिवसानंतर लावलं.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘म्हणजे ते कुणालाच माहीत नाही.’ मग बॉनेटवरून हात फिरवत हळूच म्हणाले, ‘दुसऱ्या दिवशी मी गाडी तपासली. पेट्रोल बरंच संपलं होतं. पायाशी चिखल होता, लाल. आपल्याकडे कुठे आहे असा चिखल? खिशात काही नाही, पिशवीत काही नाही. सगळं नीट तपासलं मी. मी कुठे होतो, त्याचा पत्ता लागला नाही.’

‘आणि तो पुलाचा रस्ता?’

‘काहीतरी सांगायला हवं होतं ना. ती दारात उभी होती.’

या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो, आणि त्या क्षणी मला वाटलं, यानं आत्ता माझ्यावर आळ घ्यावा, वाटेल तो घ्यावा, मी कबूल करतो.

पण ते वळून इलेक्ट्रिशियनकडे गेले. ‘ते परत जोडा,’ म्हणाले.

‘परत?’ तो चक्रावला. ‘मंग मधे एक बटन टाकून देतो. नको तवा बंद करा, बॅटरी वाचल.’

‘बटण नको,’ साडू म्हणाले. ‘माझा काही भरवसा नाही.’

‘मंग सायेब, गाडी रोज फिरवावी लागल. चार दिस उभी राहिली का बसलीच.’

‘मी येईन रोज बरोबर,’ ताई खांबापासून म्हणाल्या.

साडूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं, चांगलं निरखून, जसे ते गेटवर एखाद्या फुगलेल्या पिशवीकडे बघत असतील. ‘हे तुझं आधीपासून ठरलेलं दिसतंय.’

‘हो,’ ताई म्हणाल्या. ‘चहा घ्या आधी.’