बिडी सोडल्याचा चौथा दिवस

लातूरला माझी पोस्टिंग झाली तेव्हा जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या काही पाट्यांवर अजून उस्मानाबादच लिहिलेलं होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मी इन्फन्ट्रीतला हवालदार. कॉलेजच्या कॅडेट्सना ड्रिल आणि फायरिंग शिकवायला मला एनसीसीत पाठवलं होतं. कुटुंब नांदेडला, मी इथं एका खोलीत. बिडीचे दोन कट्टे रोज लागत.

वार्षिक मेडिकलला डॉक्टर कॅप्टन साहेबांनी बराच वेळ छातीला नळी लावून ठेवली.

"किती वर्षं ओढता?"

"सोळा, सर."

"आजपासून बंद. नाहीतर पुढच्या वर्षी फिट लिहिणार नाही." मग जरा हळू म्हणाले, "पहिले आठ-दहा दिवस वाईट जातील. हात कापतील, संताप येईल, लक्ष लागणार नाही. पाणी भरपूर प्या."

माझ्या वाट्याला पाणी दिवसाला दोन घागरी यायचं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावताना बोटं ऐकेनात. तिसऱ्या दिवशी ड्रिलमध्ये एका कॅडेटचा पाय चुकला आणि माझा हात उठला. मारलं नाही, पण हात उठला होता. सोळा वर्षांच्या नोकरीत तसं कधी झालं नव्हतं. मला माझ्याच हाताची भीती वाटू लागली. हे मी कुणालाही बोललो नाही.

माझ्या हाताखाली नाईक हुद्द्याचा संगप्पा होता, उदगीरकडचा. तोही ओढायचा. त्यानं काहीतरी ओळखलं असावं.

"उस्ताद, उद्या फायरिंग हाय. मी घेऊ का?"

"का? मला येत नाही?"

तो रायफली मोजायला निघून गेला.

चौथा दिवस. सकाळी साडेनऊला रेंजवर पोहोचलो. गावाबाहेर मुरमाची टेकडी, तिच्या पोटाशी टार्गेट, उजव्या अंगाला कोरडा ओढा. टेकडीवर झेंडा घेऊन एक जण उभा असतो. त्यानं झेंडा वर केला की रेंजमध्ये कुणी नाही असं समजायचं. तो इशारा बघितल्याशिवाय फायरचा हुकूम द्यायचा नाही, हे मी शेकडो वेळा शिकवलं होतं.

पहिल्या डिटेलचे, म्हणजे पहिल्या तुकडीचे, पाच कॅडेट्स पालथे पडले. रायफली भरल्या. त्याच वेळी मागं ट्रकच्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली. वास आला. तोंडाला पाणी सुटलं, कानात गरगर सुरू झाली. मी झेंड्याकडं बघितलंच नाही.

"फायर!"

एक गोळी सुटली. ओढ्याच्या काठावर, टार्गेटच्या बाजूला एक बाई वर येत होती. डोक्यावर घागर. तिच्यापासून हातभर अंतरावर माती उडाली.

"रुक! रायफल नीचे!" संगप्पा ओरडला आणि दोन्ही हात पसरून थेट रायफलींच्या पुढं धावला. बाकीच्या चार रायफली भरलेल्या होत्या. दुसरी गोळी सुटली नाही.

मी जागेवरच उभा होतो.

बाई थांबली. तिला वाटलं, आम्ही तिलाच दटावतोय.

"काय झालं, बाबा? झऱ्याचं पानी हाय. चोरी न्हाई केली म्या."

"काय न्हाई, अक्का. या हिकडून," संगप्पा म्हणाला आणि तिला स्वतःच्या आडोशानं बाहेर नेलं.

मी ट्रकमागं जाऊन बसलो. ड्रायव्हरनं बिडी पुढं केली. "घ्या, उस्ताद. हात बगा कसे कापायलेत."

मी घेतली. ओठांपर्यंत नेली. मग परत दिली. यात मर्दुमकी काही नव्हती. एक झुरका घेतला असता तर हात थांबले असते, आणि नुकतंच जे घडलं ते किरकोळ वाटू लागलं असतं. मला त्याची जास्त भीती वाटली.

साडेअकराला सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं.

"मला रेंजवरून काढा, साहेब."

"किती दिवस?"

"हात थांबेपर्यंत."

त्यांनी मला स्टोअरमध्ये बसवलं. रिपोर्ट वर गेला, माझ्या कागदांवर शेरा पडला. योग्यच झालं. स्टोअरमध्ये तीन आठवडे सतरंज्या आणि जेवणाचे मेस-टिन मोजले. घाम फुटायचा, झोप यायची नाही, भूक सारखी लागायची. हात तपासायला रोज सुईत दोरा ओवून बघायचो; एकविसाव्या दिवशी तो एका दमात गेला. त्यानंतर रेंजवर परत गेलो. संगप्पानं काही न बोलता शिट्टी माझ्या हातात दिली.

पुढच्या वर्षी तो आपल्या युनिटला परतला. युनिट बर्फातल्या चौकीवर होतं. हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला. तिघे गेले, त्यात तो होता.

रजा काढून मी उदगीरच्या पुढं त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"बिडी सोडलेले उस्ताद तुमीच का?"

"हाव, अक्का."

"त्यानं लिवलं व्हतं तुमच्याबद्दल. त्यानंबी सोडली म्हनं, तितं वर गेल्यावर."

मला हे माहीत नव्हतं. सोडून किती दिवस झाले होते, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिथल्या थंडीत त्यानं ते दिवस कसे काढले, कुणाला सांगितलं का, हे सांगणारं आता कुणी नाही.

नाईक संगप्पा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान होता.