स्थिर आकार

खोलीत पाऊल टाकण्याआधी अक्का भिंतीला तळवा लावायच्या, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. क्षणभर थांबायच्या आणि मगच आत यायच्या. बारावीच्या क्लाससाठी वडील मला देगलूरहून लातूरला घेऊन आले, तेव्हा खोली दाखवतानाही त्यांनी तेच केलं. वडिलांना वाटलं, घरमालकीणबाई भिंतीची ओल बघतायत. मला मात्र तिथल्या तिथेच भीती वाटली, कारण त्या डोळे मिटून कसलीतरी चाहूल घेत होत्या.

अक्कांचं गाव भूकंपात गेलं होतं. नवरा आणि थोरली मुलगी घराखालीच राहिली. अक्का आणि धाकटा बसवराज तेवढे ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. लातूरला येऊन त्यांनी खोल्या बांधल्या आणि वर पत्रे घातले. स्लॅबचं नाव काढू दिलं नाही. पुढे क्लासेसचं पेव फुटलं आणि गल्लीतल्या घराघरात आमच्यासारखी मुलं येऊन राहिली. उन्हाळ्यात पत्र्याखाली आम्ही भाजून निघायचो. कुणी कुरकुर केली की अक्का म्हणायच्या, "भाजलं तर पानी मारता येतंय माय. दगुड उचलता येत न्हाई."

वीज खोलीभाड्यातच ठोक धरलेली होती. कितीही जाळा, रक्कम तीच. अट एकच, दाराच्या आतल्या कडीच्या वरचा झिरोचा बल्ब कधी मालवायचा नाही. त्या पहाटे घर हलायला लागलं तेव्हा अंधारात अक्कांच्या हाताला कडी सापडली नव्हती. हे त्यांनी मला एकदाच, मेथी निवडताना सांगितलं आणि उरलेली जुडी तशीच टाकून उठल्या.

बसवराजला हे ठोक प्रकरण जड जायला लागलं. गल्लीत सगळ्यांनी खोलीगणिक मीटर बसवले होते. जो जितकं जाळेल तितकं तो भरेल. खरं सांगायचं तर आम्हालाही मीटरच हवं होतं. दिवाळीत गावी गेलो तरी विजेचे पैसे द्यायचे, हे कुणालाच पटत नव्हतं. अक्का एकट्या पडल्या. "मीटर आलं की पोरी दिवे मालवतेत," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

घराचं वीजबिल आलं की अक्का ते एकेक अक्षर लावत वाचायच्या. 'स्थिर आकार' या शब्दांवर त्यांचं बोट थांबायचं. त्याचा अर्थ त्यांनी आपला आपणच लावून घेतला होता: घर जागेवर राहिलं, त्याचे हे पैसे. मे महिन्यात खोल्या रिकाम्या असल्या, वीज जाळली नाही तरी तो आकार भरावा लागायचा आणि बसवराज वैतागायचा. अक्का त्याला शांतपणे समजावायच्या, "घर उभं हाय म्हनून लागतंय. पडल्या घराला कोन मागतंय?" आम्ही मुली तोंडाला ओढणी लावून हसायचो.

शेवटी मीटर बसले आणि अक्का म्हणत होत्या तेच झालं. पहिल्याच आठवड्यात सगळ्या कड्यांवरचे दिवे गेले. अक्कांचं जेवण तुटलं. अंगणात बसून त्या एकेका बंद दाराकडे बघत राहायच्या.

एका भरल्या आभाळाच्या संध्याकाळी आम्ही तिघी क्लासवरून येऊन सगळे दिवे मालवून आडव्या झालो होतो. खोलीला खिडकी नव्हती. आधी मांडणीवरचे पेले वाजले, मग वरचे पत्रे. आम्ही दाराकडे धावलो, एकमेकींवर आदळलो आणि भिंत चाचपडायला लागलो. रोज उघडतो ती कडी कुठेच नव्हती. आपण आता इथेच मरणार असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

तेवढ्यात दारावर बाहेरून थाप पडली.

"माझा हात वाजायलाय तिथं या," अक्का म्हणाल्या. "त्याच्या जरा वर हाय कडी."

कडी सापडेपर्यंत त्या एका जागी थापा मारत राहिल्या.

बाहेर आलो तेव्हा हादरा थांबलेला होता. काही पडलं नव्हतं. सगळी गल्ली मोकळ्या मैदानाकडे पळत होती आणि ही बाई भिंतीला चिकटून उभी होती. भीतीने त्यांचं लुगडं ओलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. खोल्यांचे मीटर तसेच ठेवून कडीवरचे दिवे मात्र अक्कांनी स्वतःच्या मीटरवर घेतले. या वेळी बसवराजनेच शिडी धरली.

बऱ्याच वर्षांनी अक्का गेल्याचं कळलं, तेव्हा मी नांदेडहून भेटायला गेले. भर दुपार होती. क्लासला सुट्टी, त्यामुळे खोल्या रिकाम्या होत्या, दारं उघडी होती आणि तरी आत प्रत्येक कडीवर दिवा जळत होता. मी तिकडे बघतेय हे बसवराजच्या ध्यानात आलं. "मालवायला जातो," तो म्हणाला, "पन हात फुडं होत न्हाई."

नांदेडचा आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर स्लॅब आहे. बिल आलं की नवरा अधूनमधून विचारतो, हा स्थिर आकार कशाचा गं? आता मला हसू येत नाही. मी आधी भिंतीला तळवा लावते, आणि मग सांगते, "घर उभं आहे म्हणून."