पांढरा शर्ट आणि इंटर कॉमर्स

लेथखाली लोखंडाचा चुरा साचत जातो आणि झाडू मारेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या मॉर्निंग कॉलेजचे किस्से असेच साचले. परवा कांबळे भेटला, एक किस्सा निघाला, आणि चहा संपेपर्यंत ढीग झाला!

साठच्या दशकाची अखेर. पिंपरीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात क्लार्क, कांबळे स्टोअरमध्ये आणि बापू येळवंडे लेथवर. तिघेही सकाळच्या कॉलेजात इंटर कॉमर्सला. "इंटर झालास तर कॉस्टिंग ऑफिसात घेऊ," असं कंपनीने बापूला सांगितलं होतं. पण बापू अकाउंटन्सीत दोनदा आपटलेला. आणि ऑफिसात जाण्याची त्याला जी घाई होती, ती निव्वळ बढतीची नव्हती!

*

बापू कुरुळीचा. त्याचं लग्न जमवताना मामाने मुलीकडे "पोरगा हापिसात हाय" असं ठोकून दिलं होतं. तेव्हापासून बापू रोज पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सायकलवर घरून निघे. टाइम ऑफिसच्या मागे कपडे बदले आणि निळी डांगरी चढवून लेथवर जाई. जगात नवऱ्याचा शर्ट इतका स्वच्छ परत येणारी बाई एकच असेल, आणि तिला त्याचा अभिमान होता!

*

खंडेनवमीला मशीनची पूजा असे आणि कारखाना घरच्या मंडळींना खुला. त्या वर्षी बापूची बायको बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून सासरे एकटेच आले. आम्ही घाईघाईने बापूला माझ्या खुर्चीत बसवलं. मी शेजारी अदबीने उभा. सासऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "ह्यो कोन?"

बापू फाइलीतून मान वर न करता म्हणाला, "हाय एक. शिकतोय अजून!"

सासरे खूश. जाताना म्हणाले, "फुडल्या खंडेनवमीला पोरीला घिऊन येतो, जावईबापू. तिलाबी बघू द्या तुमची खुर्ची."

बापूचा चेहरा त्याच्या शर्टासारखा झाला. म्हणजे एप्रिलच्या परीक्षेत पास होणं आलं!

*

आता आमचा अभ्यास कसा चाले, तेही ऐका. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई आणि कॉलेजही सातलाच. त्यामुळे ज्याची पहिली पाळी, त्याचा तो आठवडा बुडाला. गोरेसर पुण्याहून येऊन पार्टनरशिप शिकवत. एका आठवड्यात त्यांनी फर्ममध्ये 'क' नावाचा नवा भागीदार घेतला. पुढच्या आठवड्यात कांबळेची पहिली पाळी. तो परत आला तेव्हा सर फळ्यावर लिहीत होते: 'क'च्या मृत्यूनंतरचे हिशेब.

कांबळे उभाच राहिला. "सर, असं कसं? मागच्या पाळीला तर धडधाकट होता की हो!"

*

एकदा सर गुडविल समजावून सांगत होते. "ते दिसत नाही, हाताला लागत नाही. पण आहे असं धरून चालायचं आणि किंमत लावायची."

तिसरी पाळी करून आलेला बापू मागच्या बाकावर पेंगत होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, "आमच्या बोनसवानी!"

*

घसाऱ्याच्या तासाला मात्र बापू टक्क जागा झाला. सर म्हणाले, "दहा वर्षांनी मशीनची पुस्तकी किंमत शून्य."

"माझ्या लेथची किंमत शून्य?" बापू भडकलाच! "सर, तुमी या एकदा. पहिला पीस काढला की हात वर करतो. इन्स्पेक्टर येतो, मापतो आन् म्हनतो, 'चालू द्या!' त्याबिगर दुसरा पीस लावायचाच न्हाई, असा नेम हाय. सात वर्सांत एकदाबी माझा पहिला पीस माघारी आला न्हाई!"

सर हसून म्हणाले, "अहो येळवंडे, किंमत शून्य झाली तरी मशीन चालतंच."

"म्हणजे भागीदारापेक्षा बरंय!" कांबळे म्हणाला.

*

बापूचं सगळं ठीक होतं, फक्त बॅलन्स शीट जुळत नसे. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडून गणितं करून घेत असू. दोन्ही बाजूंच्या बेरजा पाहून कांबळे म्हणे, "बापूराव, ह्या दोघींची काही भाऊबंदकी आहे का रे?"

बापू सगळं खोडून पुन्हा सुरू करी.

*

शेवटी एप्रिल उजाडला! अकाउंटन्सीचा पेपर. हॉलवर सुपरवायझर म्हणून जाड भिंगांचे, कुणाशी अक्षर न बोलणारे एक गृहस्थ. आदल्या पेपरला एकाने नुसती मान वळवली, तर त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं. बापू माझ्या पुढच्या बाकावर, पांढऱ्या शर्टात. पहिलाच प्रश्न बॅलन्स शीटचा.

बापू खाली मान घालून लिहीत होता. पाठीवर शर्ट घामाने चिकटलेला. मग एकदम थांबला. बेरजा केल्या. पुन्हा केल्या. पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

मला वाटलं, पुरवणी हवी असेल. सुपरवायझर आले. बापू उठून उभा राहिला, उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली आणि मशीनच्या खडखडाटात बोलायच्या आवाजात म्हणाला,

"पहिला पीस झाला, सायेब! बघून घ्या, म्हंजी फुडचं लावतो!"

अख्खा हॉल लिहायचा थांबला. कांबळेने डोळे मिटून घेतले. गेली खुर्ची, गेली बायको, गेला बापू!

सुपरवायझरांनी चष्मा वर सरकवला. डावीकडची बेरीज पाहिली. उजवीकडची पाहिली. पुन्हा डावीकडची. मग उत्तरपत्रिका बापूच्या हातात परत दिली आणि म्हणाले,

"चालू द्या!"