पुन्हाकाकांचा हिरवा वाडगा

जवळजवळ चांगली झालेली वस्तू पुन्हाकाकांना अजिबात आवडायची नाही. पूर्ण बिघडलेली चालायची, ती बघून ते हसायचे. पण थोडक्यात हुकलेला वाडगा समोर आला की फिरवून फिरवून बघत, बाजूला ठेवत आणि एकच शब्द म्हणत, "पुन्हा." त्यांचं खरं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी घेत नसे.

दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात ते ग्लेझ, म्हणजे टाइलवरची काचेसारखी झिलई, कालवायचे. माझे बाबा तिथेच पॅकिंगला. मशीन बसवायला आलेल्या एका कोरियन इंजिनिअरने जाताना काकांना कॅलेंडर दिलं होतं. त्यात सातआठशे वर्षांपूर्वीच्या एका कोरियन वाडग्याचा फोटो होता. शेवाळलेल्या पाण्यासारखा निळसर हिरवा, आणि त्या हिरव्याच्या आत उडणारे पांढरे क्रौंच. ते वरून रंगवलेले नव्हते. ओलसर मातीत नक्षी कोरायची, खाचेत पांढरी माती भरायची, वरची खरवडायची, मग झिलई. डोळ्यासाठी लाल माती, कारण भाजल्यावर ती काळी होते. तसा एक वाडगा आपल्या हातून व्हावा, एवढंच काकांनी ठरवलं होतं. त्यांच्या खोलीत सहा जण राहायचे, म्हणून दर रविवारी आमची बाल्कनी.

नुसतं कौतुक त्यांना चालत नसे. एकदा मी म्हणाले, "इट्स फाइन, काका."

"फाइन इथे पोलीस करतात. तुला काय दिसतं ते सांग."

मला सांगता येत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तिथे आपण चुकून आत आलो आहोत असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

काकांचा व्हिसा पुढे वाढणार नाही हे कळलं, तेव्हा हातात पाच आठवडे होते. एका हॉबी स्टुडिओच्या विजेच्या भट्टीतून वाडगे पिवळट येत होते. हिरव्यासाठी हवा कोंडता येईल अशी गॅसची भट्टी लागते, हे मी कॉलेजात सिरॅमिक्सच्या वर्गात शिकले होते. तशी भट्टी आमच्या लॅबमध्ये आहे, हेही मला माहीत होतं. तरी महिनाभर मी बोलले नव्हते. शेवटी भीतभीत सांगितलं.

"मग विचार की तुझ्या मॅडमना."

"नाही म्हणाल्या तर?"

"विचारायला व्हिसा लागत नाही."

मी विचारलं. मॅडमनी भट्टीची एक पाळी दिली. भट्टी उघडणार होती काकांच्या विमानाच्या आदल्या दिवशी.

तीन आठवडे उरले असताना कोरून, भरून तयार झालेला वाडगा मी नीट पाहिला. "काका, हे बगळे झालेत."

बाबांनी डोळे वटारले. काका म्हणाले, "उडणाऱ्या पक्ष्याची मान मी गुहागरच्या शेतात लहानपणापासून बघतोय."

"म्हणूनच. बगळा मान दुमडून उडतो. क्रौंच सरळ ताणून."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कॅलेंडर नाकाशी धरलं. "अरे, मान कोण बघायला बसलंय?" बाबा म्हणाले. "यल्ला, चल, टाक भाजायला."

"हिने बघितली ना," काका म्हणाले, आणि त्यांनी नवी माती मळायला घेतली.

भट्टी उघडली तेव्हा हवा तोच रंग आला होता. माना सरळ होत्या, डोळे काळे. काका हात न लावता नुसते बघत उभे राहिले. बुडाशी मला केसाएवढी रेघ दिसली. गप्प बसावं असं फार वाटलं.

"काका, बुडाशी रेघ आहे. आरपार गेलीय का, ते कळत नाही."

"दिसली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वाडगा टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एअरपोर्टला गेले.

आठ दिवसांनी गुहागरहून फोटो आला. वर्तमानपत्रावर ठेवलेला वाडगा, त्यात काठोकाठ सोलकढी. फोटोखाली काकांचा आवाज होता, "सकाळपासून भरून ठेवलीय. पेपर कोरडा आहे. मॅडमना सांग."